भरतीच्या वेळापत्रकामागील गणित

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या वृत्तपत्रांत भरतीच्या वेळा ठळकपणे छापल्या जातात. साडेचार मीटरहून उंच भरती कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, याची यादी बरीच आधी तयार असते. उद्याच्या पावसाची खात्री देता येत नाही. मग पुढील वर्षीच्या भरतीची वेळ आज कशी सांगता येते? याचे उत्तर फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांच्या विचारात आहे.

उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करताना फूरिये यांनी दाखविले, की वेडावाकडा दिसणारा आलेखही साध्या, नियमित लहरींची बेरीज म्हणून मांडता येतो. त्यांचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. काळानुसार बदलणारी नोंद अशा रीतीने वारंवारतांच्या भाषेत आणली, की तिच्यात दडलेली लय उघड होते.

विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन, यांनी हा विचार समुद्राला लावला. चंद्रामुळे उठणाऱ्या मुख्य लहरीचे आवर्तन १२ तास २५ मिनिटांचे, तर सूर्यामुळे उठणारीचे १२ तासांचे. सुमारे पंधरा दिवसांनी त्या एकमेकींशी जुळतात, तेव्हा अमावास्या-पौर्णिमेचे उधाण येते; परस्परविरुद्ध झाल्या, की अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. अशा अनेक लहरींच्या वारंवारता खगोलशास्त्र देते. प्रत्येक लहर एखाद्या बंदरात किती उंच उठते आणि केव्हा, हे मात्र तेथील नोंदींतूनच शोधावे लागते. मुंबईत अपोलो बंदर येथील अशा नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत.

लहरींचे विश्लेषण झाले, की त्यांची पुन्हा बेरीज करून भविष्यकाळ मांडता येतो. केल्विन यांच्या यंत्रात प्रत्येक लहरीसाठी एक कप्पी असे आणि सर्वांची बेरीज लेखणी कागदावर उमटवी. हिंदुस्थानातील बंदरांसाठी असे यंत्र १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये बनले. जून १९४४ मधील नॉर्मंडीच्या चढाईसाठी आर्थर डूडसन यांनी अशाच यंत्रांवर भरतीची गणिते केली. आज हे काम संगणक करतो. एमआरआय यंत्रही शरीरातून येणाऱ्या संकेतांतील वारंवारता वेगळ्या करूनच चित्र उभे करते.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. जे ठराविक लयीने पुन्हा घडते, तेच ती वर्तवू शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसाची भरती कोष्टकात आधीच होती; पाऊस कोणत्याही कोष्टकात नव्हता. भरतीच्या वेळी शहरातील अनेक नाल्यांचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. ते तास कोणते, एवढे गणित वर्षभर आधी सांगते. त्या तासांसाठी पंप व झडपा सज्ज ठेवणे, हे मात्र माणसांचेच काम आहे.