नारायणगांवचा फड

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर, जुन्नर तालुक्यांत, मीना नदीच्या कांठीं नारायणगांव आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास येथें तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर-आंबेगांवच्याच नव्हे, तर दूरदूरच्या गांवांतील यात्रा-कमिट्यांची मंडळी येतात, कोणत्या रात्रीं कोणता फड हें ठरतें व सुपारी दिली जाते. फडाच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग येथेंच ठरत असल्यानें या गांवास तमाशाची पंढरी म्हणतात. मात्र या पंढरींत भक्तीपेक्षां हिशेब अधिक चालतो.

येथील फडांत भाऊ-बापू मांग नारायणगांवकर यांचें नांव मोठें. नारायण खुडे यांनीं त्याचा पाया घातला आणि भाऊ व बापू या बंधूंनीं कीर्ति वाढविली. ज्या काळीं या समाजास वेशीबाहेर राहावें लागे, त्या काळीं या कलावंतांनीं आपली जात फडाच्या नांवांतच उघड घेतली, ही गोष्ट लहान नव्हे.

संगीत बारी थिएटरांत रंगते. ढोलकीफड गांवोगांव फिरतो. आरंभीं गण, मग कृष्ण, पेंद्या व मावशी यांची गवळण, नंतर बतावणी आणि अखेरीस वग. पूर्वी ढोलकी, हलगी, तुणतुणें व झांज एवढ्यावर भागे. पुढें पेटी आली; चित्रपट खेड्यांत पोंचल्यावर त्यांतील गाणींहि आलीं. जुन्या रसिकांस हा बाट वाटला. परंतु पहांटेपर्यंत समुदाय बसवून ठेवावयाचा तर त्याची आवड ओळखावीच लागते.

भाऊंची कन्या विठाबाई. त्यांचा जन्म १९३५ सालीं पंढरपुरास झाला. गाणें, नाच व वगांतील अभिनय या तिन्हींवर त्यांची हुकमत होती, आणि पुढें फड त्यांच्याच नांवावर चालला. प्रयोग चालू असतां त्यांस प्रसूतिवेदना सुरू झाल्या, पडद्यामागें मूल झालें, नाळ दगडानें ठेंचून त्या पुन्हां रंगमंचावर आल्या, अशी हकीकत सांगतात. ती शौर्यकथा म्हणून सांगण्याची रीत पडली आहे. खरें तर ती सुपारीची कथा आहे. सुपारी घेतली कीं ती रात्र गांवाची. नायिका नसली तर वग बुडतो, आणि ढोलकीवाल्यापासून तंबू ठोकणाऱ्यापर्यंत साऱ्यांची चूल थंडावते.

१९९० सालीं राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला, तरी उतारवय आर्थिक ओढगस्तींतच गेलें. १५ जानेवारी २००२ रोजीं त्या निवर्तल्या. तमाशांत आयुष्य घालविलेल्या कलावंतांस त्यांच्या नांवानें जीवनगौरव देण्यास राज्य सरकारनें २००६ सालीं आरंभ केला.

कन्या मंगला बनसोडे यांनीं स्वतंत्र फड काढून नांव मिळविलें. २०२० व २०२१ या दोन वर्षीं करोनाच्या सांथीनें यात्रा बंद पडल्या, सुपाऱ्या थांबल्या आणि अनेक कलावंत मोलमजुरीस लागले. सांथ ओसरल्यावर नारायणगांवीं राहुट्या पुन्हां उभ्या राहिल्या.