विश्लेषण : फ्लॅश मारला तरी देवी अंधारातच का?

नवरात्रात यवतमाळ शहर रात्रीचे जागे असते. इथला दुर्गोत्सव कोलकात्यानंतर देशातला दुसऱ्या क्रमांकाचा असल्याचे यवतमाळकर अभिमानाने सांगतात. मंदिरांच्या भव्य प्रतिकृती, रोषणाईच्या कमानी आणि दर्शनाच्या लांब रांगा या नऊ दिवसांत ठरलेल्या असतात. त्या गर्दीत मोबाइल तर सगळ्यांकडेच असतो, पण गळ्यात डिजिटल कॅमेरा अडकवून फिरणारी तरुण मुलेही आता बरीच दिसतात. लग्नाच्या ऑर्डरी मिळवायच्या तर आधी हात बसायला हवा आणि हात बसवायला दुर्गोत्सवासारखी जागा नाही.

यातले बरेच जण पहिल्या काही महिन्यांतच कॅमेऱ्यावर लावायचा वेगळा फ्लॅश घेतात. साधे मॅन्युअल फ्लॅश दोन-तीन हजारांपासून मिळतात. आणि पहिल्याच रात्री अपेक्षाभंग होतो. समोरच्या रांगेतली डोकी पांढरीफटक, मागची देवी काळोखात आणि लाखोंची रोषणाई गायब. फ्लॅश नसता तर फोटो बरा आला असता, असे वाटायला लागते.

फ्लॅश खराब नसतो. त्याच्याकडून चुकीच्या कामाची अपेक्षा केलेली असते.

प्रकाश पोहोचतो किती लांब?

प्रत्येक फ्लॅशच्या माहितीपत्रकात गाइड नंबर दिलेला असतो. या आकड्याला लेन्सच्या एफ नंबरने भागले की आयएसओ १०० वर प्रकाश किती मीटरपर्यंत पुरेल ते कळते. समजा गाइड नंबर ३६ आहे आणि कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ लेन्स पूर्ण झूम करून एफ ५.६ वर ठेवली आहे. ३६ भागिले ५.६, म्हणजे साधारण ६.४ मीटर. तेही पूर्ण ताकदीवर. आयएसओ ४०० केला तर अंतर दुप्पट, म्हणजे तेरा मीटरच्या आत-बाहेर. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर तर साधारण १० ते १२ असतो. तो दोन-तीन मीटरच्या पुढे फारसा उपयोगाचा नाही.

इथे एक मेख आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ६० हा आकडा बहुतेक वेळा फ्लॅशचे डोके जास्तीत जास्त झूमवर, म्हणजे प्रकाशाचा झोत सर्वात अरुंद असताना मोजलेला असतो. रुंद फ्रेमसाठी झोत पसरवला की तोच आकडा बराच खाली येतो. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही.

दुसरे कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रातले आहे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा नाही, चौथाई उरतो. रांगेतला माणूस दोन मीटरवर आणि मूर्ती सोळा मीटरवर असेल, तर अंतर आठपट आणि मूर्तीवर पडणारा प्रकाश माणसावरच्या प्रकाशाच्या १/६४. कॅमेरा एका फोटोत एवढा फरक सांभाळू शकत नाही. ताकद वाढवली तर मूर्ती किंचित उजळेल, पण पुढची डोकी आणखी जळतील. लांबच्या देवीसाठी फ्लॅश बंद ठेवणे हाच शहाणपणा. मंडळाने लावलेले दिवे पुरेसे असतात, ते कॅमेऱ्यात येऊ द्यायचे.

मग फ्लॅशचे काम काय?

जवळच्या माणसाचे. आईला मंडपासमोर उभे करून फोटो काढायचा आहे, मागे रोषणाई झगमगते आहे आणि चेहरा मात्र अंधारात आहे, अशा वेळी फ्लॅश कामी येतो. इथेच नवशिक्याने एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला हवी. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत दोन वेगवेगळे प्रकाश नोंदवले जातात. एक आसपासचा, दुसरा फ्लॅशचा. दोघांची बटणे वेगळी आहेत.

फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या काहीशेव्या भागापुरता असतो. ताकद कमी केली तर वीस हजाराव्या भागापर्यंतही उतरतो. शटर १/२०० वर ठेवा नाहीतर १/२५ वर, तेवढ्यात तो येऊन गेलेला असतो. त्यामुळे शटरचा वेग बदलल्याने फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही. मागची रोषणाई मात्र सतत चालू असते. शटर जितके जास्त वेळ उघडे, तितकी ती उजळ. थोडक्यात, रोषणाईसाठी शटर आणि चेहऱ्यासाठी फ्लॅशची पॉवर. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोन्ही प्रकाशांना एकत्र कमी-जास्त करतात.

प्रत्यक्षात क्रम असा ठेवावा. कॅमेरा एम मोडवर, फ्लॅश बंद. आयएसओ ८००, एफ ५.६, शटर १/२५. एक फोटो काढून फक्त मागची रोषणाई पाहायची. फिकी असेल तर शटर आणखी संथ, भडक असेल तर वेगवान. आईचा चेहरा काळा दिसला तरी या टप्प्यावर काळजी नको. रोषणाई मनासारखी आली की फ्लॅश चालू करून पॉवर १/३२ वर ठेवायची. चेहरा जळाला तर १/६४, अंधुक राहिला तर १/१६. तीन-चार फोटोंत जमते. मंडप बदलला की हे पुन्हा करावे लागते, पण दुसऱ्या दिवसापर्यंत आकडे हाताला सापडू लागतात.

१/२५ वर हात हलेल ही भीती रास्त आहे. पण चेहऱ्यावरचा बहुतेक उजेड फ्लॅशचाच असेल तर तो त्या एका क्षणात गोठतो, हलतात ते मागचे दिवे. म्हणून माणसाला हॅलोजनच्या थेट झोतात उभे करू नये, जरा अंधाऱ्या जागी घ्यावे. आणखी एक गोष्ट एलईडी दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. वेगवान शटरवर फोटोत काळपट पट्टे येतात. १/५० किंवा १/२५ वर ते बहुधा दिसत नाहीत.

उलट बाजूने शटर फार वेगवान केले तर वेगळाच घोटाळा होतो. बहुतेक नवशिक्या कॅमेऱ्यांची फ्लॅशशी जुळणारी मर्यादा १/२०० सेकंदाच्या आसपास असते. त्यापुढे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात आणि फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. पट्टा दिसला की कॅमेरा बिघडला असे समजून दुकान गाठायची गरज नाही, आधी शटरचा आकडा पाहावा.

चेहरा चपटा का दिसतो?

फ्लॅश लेन्सच्या वर, थेट समोर असतो. नाकाची, गालाची सावली चेहऱ्यामागे लपते, कपाळ चकाकते आणि शालूची जर पांढरी ठिपक्यांची होते. समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. १९४६ मध्ये मार्गारेट बोर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्यासोबतचा फोटो काढायला गेल्या, तेव्हा त्यांना तीनच फ्लॅश बल्बची परवानगी मिळाली होती. गांधीजींना तो झगझगीत प्रकाश नकोसा वाटे. तेव्हाचा बल्ब एकदा पेटला की संपला. आज एका चार्जिंगमध्ये शेकड्याने फ्लॅश मारता येतात, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांचा विचार कमी होतो. वेगळ्या फ्लॅशचे डोके वर आणि मागे वळते, पैसे खरे तर याच सोयीसाठी मोजायचे.

मंगल कार्यालयात छत पांढरे आणि दहा-बारा फुटांवर असेल तर डोके वर, किंचित मागे वळवावे. छतावर आदळलेला प्रकाश मोठ्या खिडकीसारखा खाली पसरतो. चेहऱ्याला गोलाई येते, मागच्या भिंतीवरची काळी सावली जाते. किंमत एवढीच की पॉवर चौपट ते आठपट लागते. १/३२ वर होणारे काम १/८ किंवा १/४ वर न्यावे लागते.

पण यवतमाळ जिल्ह्यातली किती लग्ने पांढऱ्या छताखाली लागतात? दारव्हा, दिग्रस, घाटंजीकडे घरापुढच्या कापडी मांडवात किंवा लॉनवर होणारी लग्ने कमी नाहीत. मांडवाचे कापड लाल-पिवळे असते आणि उसळून येणारा प्रकाश तोच रंग घेऊन येतो. हळदीला पिवळा मांडव एकवेळ खपून जातो, पण गुलाबी छताखाली नवरदेव तापाने फणफणल्यासारखा दिसतो. हा रंग नंतर संगणकावर नीट काढणे फार जिकिरीचे. अशा ठिकाणी कोणाला तरी पांढरी चादर किंवा थर्माकोलचा मोठा तुकडा बाजूला धरायला सांगून फ्लॅशचे डोके तिकडे वळवणे सोपे.

लॉनवर तर छतच नाही. तिथे फ्लॅशवर बसवायची पांढरी प्लास्टिकची टोपी लावून फिरणारे दिसतात. उघड्यावर तिचा उपयोग जवळपास शून्य. तिचा निम्मा प्रकाश आकाशात जातो आणि परत येत नाही, बॅटरी मात्र लवकर संपते. त्यापेक्षा वायरलेस ट्रिगर घेऊन फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवावा आणि मित्राच्या हातात देऊन बाजूने, डोक्याच्या जरा वरून मारायला सांगावा. फोटोत सर्वाधिक फरक याच एका बदलाने पडतो.

रंगाबद्दल आणखी थोडे. फ्लॅशचा प्रकाश दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो, जुन्या पद्धतीच्या बल्बच्या माळा पिवळ्या. दोन्ही एकत्र आले की चेहरा निळसर आणि मागचे सगळे नारिंगी. फ्लॅशच्या तोंडाशी फिकट नारिंगी जिलेटिन पेपर लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बल्बच्या चिन्हावर ठेवला की दोन्ही जुळतात. सतत रंग बदलणाऱ्या एलईडीपुढे मात्र हा उपाय चालत नाही.

नवा फ्लॅश पेटतच नाही तेव्हा

हा अनुभव नवशिक्यांना हमखास येतो. कॅननच्या १५०० डी, ३००० डी आणि २०० डी मार्क टू या मॉडेलमध्ये फ्लॅश बसवायच्या खाचेतला मधला गोल संपर्कबिंदू दिलेलाच नाही. स्वस्तातले एकाच पिनचे मॅन्युअल फ्लॅश नेमके त्याच बिंदूवर चालतात. त्यामुळे फ्लॅश उत्तम, कॅमेरा उत्तम, पण दोघांची गाठ पडत नाही. अशा कॅमेऱ्यासाठी कॅननशी जुळणारा टीटीएल फ्लॅश किंवा या मॉडेलना चालतो असा स्पष्ट उल्लेख असलेला ट्रिगर घ्यावा लागतो. पैसे देण्याआधी खाचेच्या मधोमध धातूचा गोल ठिपका आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. ऑनलाइन मागवण्यापेक्षा कॅमेरा सोबत नेऊन दुकानातच पेटवून पाहिलेला बरा. सोनी वापरणाऱ्यांनी सोनीच्या खाचेचा फ्लॅश मागावा.

टीटीएल म्हणजे लेन्समधून आलेला उजेड कॅमेऱ्याने मोजून फ्लॅशची ताकद ठरवणे. वरातीत अंतर दर सेकंदाला बदलते, तिथे ते सोयीचे. पण मागे काळोख असेल तर ते बिचकून जास्त प्रकाश टाकते. फ्लॅशची भरपाई उणे एकवर ठेवली की बहुधा ताळ्यावर येते. शिकण्यासाठी मात्र मॅन्युअलच चांगला. त्यात आकडा आपण ठरवतो, त्यामुळे काय बिघडले तेही कळते.

काका-मामांच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतला जुना फ्लॅश फुकट मिळतो म्हणून नव्या कॅमेऱ्यावर चढवण्याचा मोह होतो. तो टाळावा. रोलच्या काळातल्या काही फ्लॅशच्या संपर्कबिंदूवर शंभर-दोनशे व्होल्टच्या पुढे दाब असतो. डिजिटल कॅमेऱ्याचे सर्किट त्याने कायमचे जाऊ शकते. मल्टिमीटरने मोजता येतो, पण खात्री नसेल तर तो शोकेसमध्येच शोभतो. आणि बिघडलेला कोणताही फ्लॅश घरी उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे तीनशे व्होल्टचा साठा असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

बॅटरीसाठी रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल घ्यावेत, चारही एकाच कंपनीचे आणि एकाच वयाचे. एक जुना सेल बाकी तिघांना मागे ओढतो आणि मंगलाष्टकांच्या शेवटच्या ‘सावधान’ला नेमका फ्लॅश भरलेला नसतो. अक्षता एकदाच पडतात, त्यामुळे चार सेलचा दुसरा संच खिशात हवाच. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांकडे जातो. त्या उन्हात पूर्ण ताकदीवर सलग वीस-तीस वेळा मारलेला फ्लॅश तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी काही मिनिटे मंद किंवा बंद होतो. आयएसओ ४०० वरून ८०० केला तर निम्म्या पॉवरवर तेवढेच काम होते.

याच फ्लॅशची पिशवी घेऊन पुढच्या रविवारी टिपेश्वरला निघणार असाल, तर तो घरी ठेवा. पांढरकवड्याजवळच्या या अभयारण्यात वाघ दिसण्याची शक्यता चांगली आहे, पण सफारीत प्राण्यांवर फ्लॅश मारायचा नसतो. तसाही तीस मीटरवरच्या वाघापर्यंत तो पोहोचणार नाही. उजळेल ती पुढच्या सीटवर बसलेल्या गाइडची टोपी.