सहावी-सातवीच्या लेकरांनी संगणक शिकायचा म्हणजे काय?

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या. आज बचतीचा विषय नाही, कर्जाचाही नाही. आज बोलू या सहावी, सातवी, आठवीतल्या आपल्या लेकरांबद्दल आणि संगणकाबद्दल. पण बचत गटाची वही मध्ये येणारच, ती काही आपल्याला सोडत नाही.

एका गटाच्या बैठकीत हा विषय निघाला. एक ताई म्हणाली, "आमच्या पोराला वेगळा कॉम्प्युटर कशाला शिकवायचा? फोन तर तो डोळे झाकून चालवतो." पोरगा दारातच उभा होता, आठवीतला. मी म्हटलं, "बाळा, जातीच्या दाखल्याचा फोटो आईच्या फोनमध्ये काढून ठेवलायस ना? दाखव बरं." पोरगा शोधायला बसला. लग्नाचे फोटो आले, शेळीच्या करडाचे आले, वीजबिल तीन वेळा आलं. बैठक संपली, चहा झाला, तरी दाखला काही सापडला नाही.

यात पोराचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की कागदाला नाव द्यायचं असतं, त्याचा कप्पा करायचा असतं आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवायची असते. फोन चालवणं आणि संगणक शिकणं यात एसटीत बसणं आणि एसटी चालवणं एवढा फरक आहे.

सरकारनेही हे वय धरलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी या टप्प्यावर मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी असं म्हटलं आहे. कोडिंग म्हणजे यंत्राला समजेल अशा पायऱ्यांनी काम सांगणं. शब्द नवा आहे, पण काम आपल्या ओळखीचं आहे. कसं ते सांगते.

ठिपक्यांची रांगोळी घ्या. आठ बाय आठ ठिपके काढा. एका मुलीच्या हातात तयार रांगोळीचा कागद द्या आणि दुसरीला तिच्याकडे पाठ करून बसवा. पहिलीने फक्त तोंडाने सांगायचं, "वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरा ठिपका. तिथून दोन ठिपके उजवीकडे, एक खाली." दुसरीने ऐकून काढायचं. पहिल्यांदा रांगोळीचं भलतंच काही होतं आणि पोरी हसून लोळतात. मग चूक कुठल्या पायरीला झाली ते मागे जाऊन शोधायचं आणि सूचना सुधारायची. संगणकाला काम सांगणं हे असंच असतं. आपल्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही, आपण जे सांगितलं तेवढंच तो करतो. या खेळाला वीज लागत नाही, नेट लागत नाही, खडू पुरतो.

दुसरा खेळ. मनात १ ते १०० मधला एक आकडा धरा आणि लेकराला ओळखायला सांगा. तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं. एक-एक आकडा विचारत गेलं तर शंभरापर्यंत जावं लागेल. पण "५० पेक्षा मोठा आहे का?" असं विचारलं की एका प्रश्नात निम्मे आकडे गळतात. मग २५ उरतात, मग १३, ७, ४, २ आणि शेवटी १. जास्तीत जास्त सात प्रश्नांत आकडा सापडतो. लाखो नावांच्या यादीतून संगणक एक नाव पटकन काढतो, त्यामागची एक युक्ती हीच. यादी मात्र क्रमाने लावलेली हवी.

आता यंत्रापाशी जाऊ. सहावीत मुलाला तीन गोष्टी आल्या तरी पुष्कळ झालं. कामाला नाव देऊन साठवणं, पुन्हा ते शोधून उघडणं आणि मराठीत टंकणं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी आहे. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. हाताने 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, इथे मात्र आधी क आणि मग वेलांटी, म्हणजे जसं बोलतो तसं. मुलांना हे दोन-तीन आठवड्यांत जमू लागतं. आईचा अर्ज लेकीने मराठीत टंकून दिला की घरात संगणकाची किंमत आपोआप कळते.

सातवीत स्क्रॅच शिकवता येतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. ते मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. त्यात सूचनांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे. "पुढे जा, ९० अंशात वळ" हे चार वेळा करायला सांगितलं की चौकोन होतो. ६० अंशात वळून सहा वेळा केलं की षटकोन. भूमितीत घाबरणारं पोरही इथे स्वतःहून कोन बदलून बघतं. पडद्यावर चूक झाली तर कोणी ओरडत नाही, पुसून पुन्हा करायचं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आकड्यांचा तक्ता. आडव्या ओळी, उभे रकाने, आपली वहीच जणू. लिबरऑफिससारखं मोफत साधन त्याला पुरतं. याचीच एक गोष्ट मला सांगायची आहे, आणि त्यात माझीही चूक आहे.

आमच्या एका गटात एका वयस्कर मावशींकडे ४५० रुपये बाकी निघत होते. मावशी म्हणत, "मी सगळा हप्ता दिलाय." त्या महिन्याची नोंद त्यांच्या पासबुकात करायची राहून गेली होती, त्यामुळे दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. वाद वाढला. मावशी बैठकीला यायच्या, पण कोपऱ्यात बसायच्या. वही मी तपासली होती, खाली माझी सही होती. बेरीज बरोबर होती, म्हणून मीही मान हलवली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रामसंघाच्या लॅपटॉपवर मी चार मुलांना शिकवत होते. सराव म्हणून गटाच्या परवानगीने तीच वही घेतली. नावं झाकली आणि बायकांना १ ते १२ क्रमांक दिले, कारण दुसऱ्याचा हिशेब चारचौघांत उघडा करायचा नाही हेही मुलांनी शिकायला हवं. मुलांनी तीन रकाने केले. पहिल्यात त्या महिन्याची वहीतली जमा, दुसऱ्यात बँकेत भरलेली रक्कम आणि तिसऱ्यात दोन्हींतला फरक. हा गट जमलेली सगळी रक्कम बँकेत भरायचा, त्यामुळे फरक शून्य यायला हवा. अकरा महिने शून्य आला. एका महिन्यात ४५० आला. बँकेत वहीपेक्षा ४५० रुपये जास्त भरलेले होते!

संगणक एवढं सांगून गप्प बसला. का, ते त्याने सांगितलं नाही. सातवीतली एक पोरगी मात्र गप्प बसली नाही. "ताई, पैसे जास्त कसे आले?" मला तेव्हा हिशेबाची एक जुनी खूण आठवली. आकड्यातले दोन शेजारचे अंक उलटे लिहिले गेले तर फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. ४५० ला जातो. मग मुलांनी त्या पानावर शोध घेतला. क्रमांक ७ पुढे २७० लिहिलं होतं. उलटं केलं तर ७२०. मावशींचा हप्ता ६०० आणि ६,००० वर दोन टक्क्यांनी व्याज १२०, बरोबर ७२०. मावशींनी सगळे पैसे दिले होते. रोख मोजून बँकेत भरलीही होती, पण पावती वहीशी ताडून कोणी पाहिलीच नव्हती. मीसुद्धा नाही.

पुढच्या बैठकीत मी मावशींची माफी मागितली. वहीत दुरुस्ती केली आणि तिच्याखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्या पोरीला मात्र विचारावंसं वाटलं होतं, म्हणून हे उजेडात आलं. चुकीच्या आकड्यांची बेरीजही संगणक बिनचूकच करतो. कशाची कशाशी तुलना करायची, हे माणसाने ठरवायचं असतं. मुलांना शिकवायचं ते हे.

आता मुलींबद्दल. एका यंत्रावर दोघं बसले की माउस बहुतेक वेळा मुलाच्या हातात जातो आणि मुलगी वहीत उतरवून घेते. बघून पोहता येत नाही, तसं बघून संगणकही येत नाही. यावर साधा उपाय आहे. घड्याळ लावा आणि दर दहा मिनिटांनी जागा बदला. आणि संगणकाचा तास शाळा सुटल्यावर ठेवू नका. शाळा सुटली की मुली पाण्याला जातात, धाकट्यांना सांभाळतात. तास शाळेच्या वेळेतच हवा.

आठवीच्या मुलांना पैशाचे आणि फोटोचे नियमही सांगायला हवेत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा. आणि तायांनो, लेकीने येऊन सांगितलं की कोणीतरी घाणेरडा मेसेज पाठवलाय, तर आधी तिचा फोन काढून घेऊ नका. फोन काढून घेतला की पुढच्या वेळी ती सांगणार नाही. सांगितलं म्हणून तिला जवळ घ्या, मेसेजचा फोटो ठेवा आणि तक्रार करा.

शेवटी, आपण काय करायचं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी तिथे आहे. नुसती सही करून उठू नका. पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा. शाळेतले किती संगणक आज चालू आहेत? सातवीतलं प्रत्येक मूल आठवड्यात किती वेळ स्वतः कळा दाबतं? मुलींचा नंबर लागतो का, आणि ते कोण बघतं? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. संगणक कपड्याखाली झाकून कुलपात असतील तर कुलपाची किल्ली कोणाकडे आहे तेही विचारा.

आणि आज संध्याकाळी भाकरी थापता थापता लेकराला म्हणा, "मी एक आकडा धरलाय, १ ते १०० मधला. सात प्रश्नांत ओळख." ओळखला तर शाबासकी द्या. नाही ओळखला, तर कुठला प्रश्न वाया गेला ते दोघी मिळून शोधा.

येते. आपापल्या वह्या बँकेच्या पावत्यांशी ताडून ठेवा. नमस्कार.