नाव नाही ठेवलं, तरी!

बोकड वाढवायचा तो विकायलाच, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. मग जीव का लागतो? आणि लागलाच तर काय करायचं? वर्ध्याला चिकटून असलेल्या बोरगाव मेघेतल्या एका कॉलेजवाल्या मुलीची ही गोष्ट.

व्यापाऱ्याने अंगठ्याने त्याचा खालचा ओठ ओढला, दात बघितले आणि म्हणाला, 'दोन दाती आहे. चालते.'

दोरी माझ्या हातात होती. मी म्हटलं, 'पण मागच्या पायानं लंगडते तो.'

तो लंगडत वगैरे नव्हता. सकाळीच भिंतीवर चढून शेजारच्यांच्या कढीपत्त्याचा फडशा पाडून आला होता. पण ईदच्या कुर्बानीसाठी जनावर बिनखोडीचं लागतं. लंगडं, आंधळं, शिंग मुळातून मोडलेलं चालत नाही. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ते बोलले. व्यापाऱ्याने माझ्याकडे बघितलं, बोकडाकडे बघितलं, आणि पुढच्या गल्लीत जाऊन दुसऱ्यांचे दोन बोकड घेऊन गेला.

ही गोष्ट 2025 च्या मे महिन्यातली. बकरी ईद 7 जूनला होती. माझी फी जूनच्या अखेरीला भरायची होती आणि आईच्या बचत गटाचा हप्ता त्याआधी.

आता थोडं मागे जाते.

बोरगाव मेघे हे नावाने गाव आहे. जनगणनेच्या यादीत शहर आहे. आणि राहायला गेलात तर दोन्ही आहे. एका बाजूला ले-आउट पडलेत, स्लॅबची घरं, गाड्यांची शोरूम. दुसऱ्या बाजूला वावर. आणि मधे असे कितीतरी प्लॉट, जे कुणीतरी नागपुरात बसून घेऊन ठेवलेत आणि ज्यावर घराऐवजी बाभळी, बोरी आणि गाजरगवत वाढतं. आमच्या बकऱ्या चरतात त्या या प्लॉटांवर. मालकांना पत्ता नसेल, पण त्यांच्या इन्व्हेस्टमेंटवर आमचं घर थोडंफार चालतं.

पुस्तकात शेळी लिहितात. आमच्याकडे बकरीच म्हणतात. आमच्या बकऱ्या बेरारी जातीच्या, तांबूस, तोंडावर दोन्हीकडून पट्टे. या जातीची आता राष्ट्रीय पातळीवर रीतसर नोंद आहे आणि त्यात वर्धा-नागपूरचा पट्टाच तिचं घर म्हणून दाखवलाय. आईने बचत गटाच्या कर्जातून दोन आणल्या, त्यांच्या पाच-सहा झाल्या. गणित साधं असतं. बकरी पाच महिन्यांत, साधारण दीडशे दिवसांत विते. पाठी, म्हणजे मादी पिल्लं, ठेवायच्या. बोकड वर्ष-सव्वा वर्ष वाढवून विकायचे. कुणाच्या घरी एफडी असते, आमच्या घरी चार पायांची आहे. एफडी मोडताना ती ओरडते, एवढाच फरक.

आजीचा पहिल्यापासून एक नियम होता. 'बोकडाले नाव नको ठिवू बाई. नाव ठेवलं का मंग इकता येत नाही.' त्यामुळे बकऱ्यांना नावं होती: लाली, चंद्री, मोठी. बोकडांना नव्हती. बोकड म्हणजे 'तो काळा', 'तो कानवाला'.

2024 च्या फेब्रुवारीत लालीला तीन पिल्लं झाली. ऐकायला भारी वाटतं, पण बकरीला सड दोनच असतात. दोन पिल्लं दूध पितात, तिसरं बाहेर ढकललं जातं. त्यातही जे अशक्त ते आणखी मागे. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला नाही तर पिल्लू हातचं जातं, कारण आजाराशी लढायची सगळी ताकद त्याला त्या चिकातूनच मिळते. मी लालीला धरून तिसऱ्याच्या तोंडात सड दिला, मग बाटली आणली. निप्पल लहान बाळाचं. दर चार तासांनी दूध, रात्रीसुद्धा. अलार्म माझ्या मोबाइलवर, कारण मी तशीही जागीच असते असं घरच्यांचं मत.

नियम पाळून आम्ही त्यांना पहिली, दुसरा, तिसरा म्हणायचो. ती काही नावं नव्हती, नुसते नंबर होते. पण महिनाभरात मी हाक मारली, 'ए तिसऱ्या', आणि तो गोठ्यातून उड्या मारत आला. आजीने कपाळावर हात मारला.

पुढचं तुम्हाला अंदाजाने कळेल. बाटलीवर वाढलेलं पिल्लू स्वतःला बकरी समजतच नाही. कळप चरायला निघाला की हा माझ्या मागे. मी कॉलेजला निघाले की ऑटो थांबतो त्या कोपऱ्यापर्यंत सोबत, आणि मग भर रस्त्यात उभा राहून ओरडणार. ऑटोवाले काका विचारायचे, 'याचं बी तिकीट काढाचं का?' माझ्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल रेकॉर्डची चार पानं त्याने खाल्ली. मॅडमना खरं कारण सांगितलं तर पूर्ण बॅच हसली. त्याचा फोटो माझा डीपी होता. आता जगाला माझा डीपी विकायचा आहे हे कसं सांगणार?

दुसरा मात्र राहिला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस द्यायची असते. कोवळं गवत पोटभर खाल्लं की पोटातले जंतू भसाभस वाढतात, त्यांचं विष रक्तात जातं आणि धडधाकट पिल्लू काही तासांत संपतं. माझी सेमिस्टर होती. उद्या नेऊ, परवा नेऊ करत लस राहिली. सकाळी तो पडलेला दिसला. मी त्याच्यासाठी फार रडले नाही, आणि हीच गोष्ट मला नंतर जास्त टोचली. तोही लालीचाच, त्याच रात्रीचा. फक्त त्याला बाटली मी पाजली नव्हती.

म्हणजे नाव वगैरे ठीक आहे, पण जीव लागतो तो केलेल्या कामामुळे. रात्री दोनला उठून कोमट केलेलं दूध, हगवण लागली तेव्हा पाजलेलं मीठ-साखरेचं पाणी, खुरात गेलेला बाभळीचा काटा. आणि गंमत अशी की हे सगळं नीट केलं तरच बोकड चांगल्या किमतीला जातो. बोकड जितका चांगला सांभाळाल तितकं विकणं जड जातं. या धंद्यात यातून सुटका नाही.

दिवाळीनंतर आमच्या भागातून काठेवाडी जातात. उंट, मेंढ्या, सोबत बायका-पोरं. शेतकरी आपल्या वावरात त्यांच्या मेंढ्या बसवतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. कळपात एवढ्या मेंढ्या, आपल्याला सगळ्या सारख्या दिसतात. पण त्यांच्यातली बाई चेहऱ्यावरून सांगते ही कोणाची पोर आहे. भाऊराव कऱ्हाडेंच्या 'ख्वाडा' सिनेमात धनगराच्या घरचं हे जग दिसतं: मेंढरं म्हणजे कुटुंबच, आणि मेंढरं म्हणजे पैसाही. त्यांना यात काही विचित्र वाटत नाही. मला वाटत होतं, कदाचित मी अर्धी ले-आउटमधली असल्यामुळे.

माझी एक मैत्रीण आहे. तिच्या घरी दरवर्षी ईदच्या आधी बोकड येतो. ती म्हणाली, 'आमच्यात तर जीव लागलेलंच जनावर द्यावं म्हणतात. ज्याचं काहीच वाटत नाही ते देण्यात काय?' तिचा लहान भाऊ दरवर्षी त्याला हाताने पाला चारतो आणि दरवर्षी रडतो. मग मटणाचे तीन वाटे होतात: घरचा, नातेवाइकांचा, गरिबांचा. रडण्याबद्दल त्याला कुणी चिडवत नाही. मला हे ऐकून बरं वाटलं आणि थोडी असूयाही. त्यांच्याकडे त्या रडण्याला जागा आहे. आमच्याकडे नुसता व्यवहार होता.

तर त्या मे महिन्याच्या संध्याकाळी बाबा कामावरून आले. व्यापारी त्यांना रस्त्यातच भेटला होता.

'लंगडा काऊन सांगतला तुनं?'

मी गप्प. बाबा चिडले नाहीत, त्यांनी फक्त हिशोब सांगितला. हप्ता एवढा, फी एवढी, ईदनंतर भाव किती पडतो ते एवढं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, 'रडू येत असन तं रड. पण खोटं काऊन बोलली? उद्यापासून आपल्या बोकडाले कोन इचारन?'

हे मला लागलं. गल्लीतल्या गल्लीत चालणारा हा धंदा शब्दावर चालतो. बोकड आजारी असेल तर सांगायचं, चांगला असेल तर तसं सांगायचं. मी माझ्या प्रेमाच्या नादात आईची पत घालवत होते.

त्या रात्री मोबाइलवर बघत बसले, जगात कुणाला असं झालंय का. झालंय. अमेरिकेत शाळकरी मुलं कोकरं, बकरे वाढवतात आणि जत्रेत लिलाव होतो, मांसासाठी. 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्ता परगण्यात एका नऊ वर्षांच्या मुलीचा 'सीडर' नावाचा बकरा असाच लिलावात गेला, 902 डॉलरला. तिला तो द्यायचा नव्हता. आईने त्याला जत्रेतून काढून दूर एका फार्मवर ठेवलं, पैसे भरून द्यायची तयारी दाखवली. जत्रावाल्यांनी ऐकलं नाही. पोलीस काही शे मैलांची चक्कर मारून तो बकरा घेऊन आले आणि तो कापला गेला. पुढे कोर्टकचेरी झाली, 2024 मध्ये तीन लाख डॉलरची तडजोड.

मला त्या पोरीचं खूप वाईट वाटलं. पण खरं सांगू? एक विचार असाही आला की तिच्या आईकडे 'पैसे भरते, बकरा राहू द्या' म्हणायची सोय होती. माझ्या आईकडे नाही. आणि तिथल्या मोठ्या माणसांचं चुकलं ते बकरा विकण्यात नाही, तर एवढ्याशा पोरीला 'व्यवहार म्हणजे व्यवहार' हा धडा पोलीस पाठवून शिकवण्यात.

आमच्या घरापासून सेवाग्राम आठ-दहा किलोमीटर. शाळेच्या सहलीत तिथे ऐकलेली गांधीजींची एक गोष्ट मला त्या दिवसांत सारखी आठवत होती. गाई-म्हशींवर होणारे अत्याचार ऐकून त्यांनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. पुढे ते खूप आजारी पडले, दुधाशिवाय उठता येईना. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, बकरीच्या दुधाला तर तुमची हरकत नसेल ना? त्यांनी ते घेतलं. पण आत्मकथेत त्यांनी स्वतःच कबूल केलंय की प्रतिज्ञेचे शब्द पाळले गेले, तिचा प्राण गेला. आपण पळवाट काढली हे त्यांना माहीत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मला ही गोष्ट त्यांच्या बाकीच्या मोठ्या गोष्टींपेक्षा जवळची वाटते.

तीन दिवसांनी मीच बाबांना म्हटलं, त्यांना परत बोलवा. व्यापारी आला. मी सांगितलं, 'लंगडत नाही तो. मी खोटं बोलली होती.' तो हसला. म्हणाला, 'समजलं होतं मले. दर साली एकतरी पोरगं सांगते लंगडा हाये म्हनून.'

एकतीस किलो भरला. साडेतेरा हजार.

मी दोन अटी घातल्या. दुपारच्या उन्हात न्यायचा नाही, आणि कान किंवा पाय धरून गाडीत फेकायचा नाही, मी चढवीन. पहिल्या अटीत नुसती माया नव्हती, थोडं सायन्सपण होतं. टेम्पल ग्रँडिन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी आयुष्य घालवलंय कत्तलखान्यातल्या जनावरांची भीती कमी करण्यात: वळणाचे रस्ते, झगझगीत उजेड आणि आवाज कमी, ओरडाआरडा नाही. जनावर फार वेळ घाबरलेलं, थकलेलं असेल तर स्नायूंमधला साठा आधीच जळून जातो, नंतर मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही, ते काळपट पडतं आणि लवकर खराब होतं. हे सांगितल्यावर व्यापारी पटकन तयार झाला. मायेबद्दल बोलले असते तर झाला नसता.

संध्याकाळी साडेसहाला गाडी आली. मी बाभळीच्या शेंगा दाखवल्या, तो आपणहून चढला. माझ्यावर विश्वास होता म्हणून चढला. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं, पण खरं तेच आहे. दोरी आम्ही काढून घेतली, जनावरासोबत दावं देत नाहीत आमच्या घरी.

लाली दुसऱ्या दिवशी निवांत ढेप खात होती. आईचं काळीज वगैरे म्हणतात, तिला काही नव्हतं. पाच दिवस मीच कोपऱ्यावर ऑटोची वाट बघताना मागे वळून बघायचे.

फी भरली. आखाडात घरी मटण झालं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसं आमच्या घरी कुणी म्हणत नाही, म्हटलं तर आई ताट उचलते. मी रस्सा घेतला, पीस नाही घेतला. भाऊ म्हणाला, 'हे काय नवीन?' मी म्हटलं, गांधीजींची आयडिया आहे. पुढच्या महिन्यात पीसही घेतला.

मधल्या काळात लालीला एकदा दोन झाले, आता ती पुन्हा गाभण आहे. लस यंदा वेळेवर झाली, तारीख मी मोबाइलमध्ये टाकून ठेवली होती. पोट बघून आजी म्हणते, तीन असतील. बाबांनी न सांगता नवं निप्पल आणून ठेवलंय. आईने विचारलं, रात्रीचं दूध कोण पाजन? मी म्हटलं माझी परीक्षा आहे, मला नाही जमणार.

भाऊ म्हणाला, मग अलार्म कोणाच्या मोबाइलवर लावायचा? मी म्हटलं, माझ्याच लाव. तुला उठवायला मला उठावंच लागेल.