बियांची माळ, मैत्रीची खूण

पांगारा आपल्या ओळखीचा. होळीच्या सुमारास निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलं येतात. कोकणात तो कुंपणालाही लावतात. याच पांगाऱ्याचं एक भावंड ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, उलुरूच्या तांबड्या मातीत वाढतं. त्याच्या शेंगांतल्या बियांना तिथले अनांगू आदिवासी 'इनिंती' म्हणतात. लाल, टणक, चकचकीत अशा या बियांच्या माळा करणं ही तिथल्या बायकांची खास कला.

बायका मिळून रानात जातात, मुलंबाळंही बरोबर असतात. इनिंती वेचतात, निलगिरीच्या जातीच्या झाडांची सुकी, लाकडी बोंडं गोळा करतात. मग विस्तव पेटतो. तार लालबुंद तापवून प्रत्येक बीला आरपार भोक पाडायचं. घाई केली तर बी तडकते. बोंडांवर रंगही चढवतात. ओवायला पूर्वी केसांना पीळ देऊन केलेला दोरा असे, आता बाजारचा चालतो. हे चालू असताना कोणतं झाड कुठं, ते कधी फळतं, हे मुलींच्या कानावर पडत राहतं. माळेबरोबर रानाची माहितीही पुढच्या पिढीकडं जाते.

जुलैच्या पहिल्या रविवारी ऑस्ट्रेलियात 'नॅडॉक' सप्ताह सुरू होतो. आदिवासींच्या संस्कृतीचा हा उत्सव. या निमित्तानं काळ्या, पिवळ्या, लाल मण्यांचे दागिनेही केले जातात. हे रंग हॅरल्ड थॉमस या आदिवासी चित्रकारानं १९७१ साली आखलेल्या ध्वजाचे. काळा तिथल्या माणसांचा, पिवळा सूर्याचा, लाल मातीचा.

मात्र कौतुक आणि नक्कल यांत फरक आहे. इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू आदिवासींच्या हातच्या असल्याचा भास निर्माण करून विकल्याबद्दल २०१९ साली तिथल्या न्यायालयानं एका कंपनीला २३ लाख डॉलर दंड केला. अशा विक्रीत खऱ्या कारागिराच्या हाती काहीच पडत नाही. म्हणून विकत घेताना 'ही कोणी केली, कुठं केली?' एवढं जरूर विचारावं. 'मारुकू' ही अनांगूंच्याच मालकीची संस्था १९८४ पासून त्यांच्या वस्तू विकते आहे.

मैत्रीखातर स्वतः माळ करायची असेल तर? त्या तीन रंगांचे साधे मणी खुशाल ओवा, आणि मुलांना रंगांचा अर्थ सांगा. त्यांच्या चित्रांतल्या ठिपक्यांच्या आणि वर्तुळांच्या खुणा मात्र उचलू नका. त्यांत घराण्याघराण्यांच्या कथा असतात, आणि त्या सांगण्याचा हक्क त्या त्या घराण्याचा.

आपल्या अंगणातल्या पांगाऱ्याच्या बियाही चालतील. पण त्या विषारी असतात, तेव्हा मुलं तोंडात घालणार नाहीत याकडं लक्ष ठेवा. भोक पाडायचं काम मोठ्यांनीच करावं. आणि कुणी माळेचं कौतुक केलं, तर ही कल्पना आपण कुणाकडून घेतली, तेही सांगा.