पॅकिंग की पेस्ट?

गॅरेजमध्ये गॅस्केटला सहसा कुणी गॅस्केट म्हणत नाही; ते ‘पॅकिंग’. मोटारसायकलचं इंजिन खोलताना जुनं पॅकिंग फाटतं आणि लगेच सिलिकॉन पेस्टची ट्यूब पुढे येते.

हेडला मात्र ती चालत नाही. जळत्या वायूचा दाब आणि उष्णता झेलायला तिथे हेड पॅकिंगच हवं. सिलिंडरखालच्या पॅकिंगची जाडीही मोजून ठरवलेली असते. ते वगळलं तर सिलिंडर खाली बसतो, कॉम्प्रेशन वाढतं, पिस्टन हेडला टेकायचीही भीती. कार्बोरेटरलाही साधं सिलिकॉन नको, पेट्रोलने ते फुगून सुटतं.

मग पेस्ट कुठे? कंपनीने सांगितलं असेल तिथे. बऱ्याच इंजिनांत क्रँककेसच्या दोन भागांच्या सांध्यावर. तीही बारीक रेघेइतकीच. आत ओघळलेला जादा थर सुटला, तर थेट ऑइलच्या जाळीत अडकतो. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्याला साधारण २४ तास लागतात. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी.