मावशी, शेव जरा जास्त!

ऑफिसचा दिवस लॉग-इन करून सुरू होतो, हा निव्वळ गैरसमज. आमचा दिवस सुरू होतो टेम्पोतल्या पोह्यांनी!

सकाळचे साडेआठ. पुण्यातला बाणेर-बालेवाडीचा रस्ता. गळ्यात आयकार्ड, पाठीवर सॅक, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात वाफाळती डिश. बसायला खुर्ची नाही. टेबल म्हणजे कुणाच्या तरी बाइकचं सीट. तरी ‘छोट्या हत्ती’भोवतीची गर्दी हटायचं नाव घेत नाही.

छोटा हत्ती म्हणजे अर्थातच टाटा एस. २००५ मध्ये हा पिटुकला टेम्पो बाजारात आला तो माल वाहायला. मागच्या हौद्यात गॅसची शेगडी, इडलीपात्र आणि पोह्यांचं भलंमोठं पातेलं बसवलं की झालं किचन तयार! काका गाडी लावतात, मावशी फोडणी टाकतात. त्यांच्याबद्दल गिऱ्हाइकांना नेमकं काय वाटतं, ते विचारत मी आठवडाभर तिथं उभी होते. खात खात, हे सांगायला नकोच.

पोह्यांवरून महाभारत

पहिला वाद चवीचा. पक्क्या पुणेकर मुलीला चिमूटभर साखर घातलेले, वर ओलं खोबरं-कोथिंबीर पेरलेले हे पोहे म्हणजे डिट्टो घरचे वाटतात. तिच्या नागपूरच्या टीममेटला मात्र ते पटत नाही. हरभऱ्याची झणझणीत तर्री नसेल तर ते पोहे कसले, असा त्याचा सवाल. रोज हा सवाल टाकतो आणि रोज दुसरी डिश घेतो! इंदूरहून आलेल्या मित्राला जिरावन मसाला हवा आणि सोबत जिलेबीही. शेव भरपूर हवी, यावर मात्र तिघांचं एकमत.

पंधरा मिनिटांचा फंडा

फ्लॅटवर चौघं राहतात, गॅस आहे, पण सकाळी तो पेटवणार कोण? त्यामुळे पंधरा मिनिटांत पोट भरतं, हा बहुतेकांचा नंबर एकचा मुद्दा. मध्यंतरी डिशमागे पाच रुपये वाढले, तेव्हा कुरकुर झाली. पण कॉफी शॉपमधल्या एका कपाच्या पैशात इथं तीन-चार दिवस निघतात, हे गणित मांडल्यावर सगळे गप्प. सुट्ट्या पैशांची कटकटही यूपीआयनं मिटवली. पैसे पोचले की डबा स्वतःच ओरडून सांगतो.

कौतुक पुरे, आता तक्रारी

एकाच बादलीत बुचकळून काढलेल्या डिशेस अनेकांना खटकतात. एकजण घरून डबा आणि चमचा घेऊनच येते. पार्सल वर्तमानपत्रात बांधलं जायचं, तेही तिनंच मावशींना थांबवायला लावलं. छपाईची शाई खाण्यात उतरते, म्हणून वर्तमानपत्र वापरू नका, असं एफएसएसएआयनंही २०२३ मध्ये बजावलं होतं. मावशी आधी फुरंगटल्या. पण पुढच्या सोमवारी कोरे कागद आणि दुसरी बादली हजर! नुसती नाकं मुरडून पळणाऱ्यांपेक्षा हे गिऱ्हाईक परवडलं.

गाडी आली नाही तेव्हा

बुधवारी जागा रिकामी. अतिक्रमणविरोधी कारवाई झाल्याचं कळलं आणि सगळे हळहळले. गरिबाच्या पोटावर पाय, वगैरे बोलून झालं. मग एकानं हळूच सत्य सांगितलं. फुटपाथ टेम्पोनं नाही, आपल्याच बाइक्सनी अडवला होता. बसस्टॉपवरच्या आजी-आजोबांना रस्त्यावरून चालावं लागत होतं.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण, विक्रीचं प्रमाणपत्र आणि शहर पथविक्रेता समिती, अशी त्यात सोय आहे. समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचेच असावे लागतात. म्हणजे गाडी लावणं हा काही आपोआप गुन्हा नाही, पण जागा कुठली, हा प्रश्न उरतोच. हे सगळं काका-मावशींना कागदोपत्री निस्तरायचं होतं आणि आम्हाला फक्त भूक लागली होती. तीन दिवस त्यांची कमाई शून्य. आमचं नुकसान? कँटीनचं थंड सँडविच.

शनिवारी गाडी परतली, बसस्टॉपपासून बरीच पुढे. मी त्या दिवशी उशिरा उठले. सोमवारी गेले तर पैसे द्यायच्या आधीच मावशींनी विचारलं, परवा कुठं होतीस गं? घर सोडून या शहरात आल्याला चार वर्षं झाली. सकाळी असं विचारणारं दुसरं कुणी नाही. शेव त्यांनी न सांगताच जास्त घातली.

गाडीवर खाताना…

- एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक दिसतोय का, बघा.
- पदार्थ गरमागरमच घ्या. कोमट पोह्यांना नम्र नकार द्या.
- तेल काळपट दिसलं तर वडा-भजी टाळून इडली मागवा.
- तक्रार असेल तर मावशींना तोंडावर सांगा, पण प्रेमानं.
- आणि बॉस, बाइक फुटपाथवर लावू नका!